काड्यांनी येतं, वहीत येत नाही : तिसरी-चौथीच्या वर्गातलं हाताने करायचं गणित आणि विज्ञान

पायवाट

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे, पहिली-दुसरी शेजारच्या खोलीत सरांकडे. सध्या गाडी कुठे अडली आहे ते सांगते.

५२ − २७. मुलांसमोर दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. "यातल्या सत्तावीस मला द्या" म्हटलं की चौथीची जवळपास सगळी आणि तिसरीची बरीच मुलं न अडखळता देतात. एका गठ्ठ्याचं रबर काढतात, बारा सुट्यांतून सात मोजतात, वर दोन गठ्ठे उचलून देतात आणि राहिलेल्या पंचवीस म्हणून सांगतात. थोड्या वेळाने हीच वजाबाकी फळ्यावर मांडली की त्याच मुलांच्या वहीत उत्तर ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा करून मोकळी होतात. "अगं, मघाशी पंचवीस आले होते ना?" असं एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाई, ते काड्यांचं उत्तर. हे वहीचं."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. तिच्या लेखी दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण काड्या आणि वही यांचा एकमेकांशी संबंध आहे हेच तिला माहीत नाही.

तर माझा प्रश्न असा : काड्यांपासून वहीपर्यंत तुम्ही मुलांना कसं नेता? नुसतं "कृतियुक्त शिक्षण द्या" नको, तासाला नेमकं काय करता ते लिहा. विज्ञानाचंही लिहा. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही. गणितपेटी आहे, पण ती माझ्या आधीपासून कपाटात बंद होती. जडवस्तू नोंदवहीत तिची नोंद आहे, त्यामुळे एक मणी हरवला तरी उत्तर द्यावं लागेल अशी सगळ्यांना धास्ती.

---

रानजाई

पायवाटताई, त्या मुलीचं वाक्य केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वाचून दाखवण्यासारखं आहे. मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. शाळाभेटींत हेच चित्र सगळीकडे दिसायचं. साहित्याचा तास वेगळा, वहीचा तास वेगळा. साहित्य वापरलं, फोटो काढला, गटावर टाकला, मग साहित्य गोळा करून "आता वह्या काढा". ज्या क्षणी दोन्ही एकत्र हवीत त्याच क्षणी आपण काड्या उचलून नेतो.

जे काम करताना पाहिलं आहे ते सांगतो. मुलांच्या जोड्या करा. एकाच्या हातात काड्या, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल. नियम एकच : काड्यांत काही हललं की वहीत लगेच काहीतरी बदललं पाहिजे, आणि काड्या हलल्या नाहीत तर वहीत अक्षर लिहायचं नाही. रबर सुटलं? मग दशकाच्या घरातल्या ५ वर काट, वर ४. सुट्या काड्या बारा झाल्या? मग एककाच्या घरात १२. सात काढून बाजूला ठेवल्या की खाली ५. पेन्सिलवाल्याने मनाने काही लिहिलं तर काड्यावाला लगेच ओरडतो, "अजून सोडलाच नाही गठ्ठा!" हे ओरडणं फार मोलाचं आहे, त्याला गप्प करू नका. पुढच्या उदाहरणाला भूमिका बदलायच्या.

हे सवयीचं झालं की काड्या बंद, चित्र सुरू. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्यासाठी ठिपका. गठ्ठा सोडायचा म्हणजे रेघ खोडायची आणि दहा ठिपके काढायचे. दहा ठिपके काढायचा मुलांना फार लवकर कंटाळा येतो आणि ती स्वतःच "बाई, नुसतं बारा लिहू का?" असं विचारतात. तिथपर्यंत 'हातचा' हा शब्द मी शिक्षकांना उच्चारू देत नसे.

आणखी एक. ३५ आलं की लगेच "चूक" म्हणू नका. "मला दिलेल्या सत्तावीस आणि तुझ्याकडे राहिलेल्या पस्तीस परत एकत्र कर" म्हणा. बासष्ट होतात. मुळात होत्या बावन्न. दहा काड्या आल्या कुठून, हे शोधायला मूल स्वतः मागे जातं.

---

निळावंती

मी शिक्षिका नाही, पालक आहे. मुलगा चौथीत, पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

त्याच्या शाळेत सतत 'ॲक्टिव्हिटी' असते. थर्माकोलचं काहीतरी करून न्यायचं, ते अर्थात आम्हीच रात्री बसून करतो. आठवडाभर अपूर्णांकांचा पिझ्झा रंगवला, पण १/२ आणि १/३ मध्ये मोठा कोणता विचारलं तर "१/३, कारण तीन मोठे". साताचा पाढा अजून बोटांवर. आमच्या वेळी पाढे घोकून घेतले, त्याने आमचं काय बिघडलं? पाठांतर झालं की डोकं पुढच्या विचाराला मोकळं राहतं. हाताने करण्यात वेळ जातो आणि हाती काय लागतं ते दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

---

रानजाई

निळावंतीताई, राग कसला, तुमची तक्रार रास्त आहे. रात्री आई-बाबांनी थर्माकोल कापला तर शिकले आई-बाबा. आणि रंगवलेल्या पिझ्झ्यात मुलाला विचार करावा लागेल असं काही नव्हतंच. भाग आधीच पाडून दिलेले, त्याने फक्त रंग भरला.

एकाच लांबीच्या कागदाच्या पट्ट्या द्या. एकीचे दोन सारखे भाग, दुसरीचे तीन. दोन भाग घडी घालून चुटकीसरशी होतात, तिनाला मूल झगडतं, घडी सरकवत राहतं. त्या झगड्यातच त्याला कळतं की भाग वाढले की प्रत्येक भाग लहान होतो. मग दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवू द्या आणि तुमचा प्रश्न परत विचारा.

पाढे पाठ असलेच पाहिजेत, यात माझा तुमच्याशी वाद नाही. फक्त पाठ करण्याआधी सात ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ चिंचोके हे एकदा मांडून झालेलं असावं. सात आठे विसरलं तर त्या मांडणीत मध्ये पट्टी ठेवून सात पाचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस असे दोन तुकडे करता येतात, बेरीज छप्पन्न. ज्याने नुसतं घोकलं आहे तो विसरला की पार पहिल्यापासून सुरू करतो.

---

आजोळ

पाढ्यांवरून आठवलं म्हणून लिहिते. आमच्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे, तोंडपाठ होती. शाळा फार झाली नव्हती, पण पावणेतीन शेराचे पैसे ती बोलता बोलता सांगायची. हे नुसतं पाठांतर नव्हतं, कारण घरात मापं होती आणि ती रोज हातात असायची. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. सगळा कारभार दुपटीचा आणि निमपटीचा.

मी सोलापूर भागात शिकवते. अजूनही दोन-चार घरांत धान्याच्या कोठीत ही मापं सापडतात. मुलांना आणायला सांगते आणि वाळू भरून खेळायला देते. एका पायलीत किती चिपटी, हे आधी प्रत्येकाने पाटीवर अंदाजाने लिहायचं. बहुतेकांचा अंदाज आठ-दहा येतो. मग भरून मोजायचं : सोळा. का सोळा, यावर तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "दोनाचे दोनदा, परत दोनदा, परत दोनदा." म्हणजे चिपटं हा शेराचा पाव आणि पायलीचा सोळावा भाग. १/१६ लिहायच्या आधीच तो हाताखालून गेलेला असतो. एक पथ्य मात्र पाळायचं : वाळू काठाला सपाट करायची, शीग ठेवायची नाही. नाहीतर मोजणी जुळत नाही आणि भांडणं होतात.

घरच्या आजी-आजोबांना या तासाला बोलवा. त्यांना येतं ते शाळेला हवं आहे, हे मुलांनाही दिसू दे.

---

सोल्डर

वाहवा आजोळ, हे मी उचलणार!

विज्ञानाबद्दल माझे दोन पैसे. मी इंजिनिअर आहे, सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या मुलांबरोबर प्रयोग करतो. चौथी-पाचवीसाठी विजेचं मंडल (सर्किट) हा माझा आवडता विषय. सेल, दिवा आणि एकच वायर द्या, दुसरी देऊ नका. "पेटवून दाखवा" एवढंच सांगा. बहुतेक मुलं आधी दिव्याचं एकच टोक सेलला टेकवतात, कारण घरात दिव्यापर्यंत एकच वायर जाताना दिसते. तिच्या आत दोन तारा असतात हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. फिरून परत येणारा रस्ता हवा, हे सापडायला वेळ लागतो. तो वेळ द्या, अर्धा तास गेला तरी चालेल.

आता व्यावहारिक अडचण. पुस्तकांत असतो तो टॉर्चचा जुना बारीक दिवा आता दुकानात सहज मिळत नाही. एलईडी मिळतो, पण पांढरा एलईडी एका पेन्सिल सेलवर, म्हणजे दीड व्होल्टवर पेटत नाही. दोन सेल एकापुढे एक जोडून तीन व्होल्ट करावे लागतात. शिवाय तो एकाच बाजूने चालतो, लांब पाय धन टोकाकडे. जुन्या पुस्तकातली कृती तशीच करून बघणारे शिक्षक इथे हमखास अडकतात आणि प्रयोग फसला असं समजून सोडून देतात. लांब पायाला लाल दोरा बांधून द्या, काम सोपं होतं.

पुढची पायरी म्हणजे मंडलात फट ठेवून त्यात वस्तू घालून बघणं : किल्ली, कंगवा, नाणं, बांगडी, पेन्सिलीचं शिस. आधी दोन ढीग करायचे, 'पेटेल' आणि 'नाही पेटणार'. शिसाला दिवा मंद का होईना पेटतो तेव्हा वर्गात गलका होतो. रंग दिलेला खिळा पेटत नाही, रंग खरवडला की पेटतो. हे मुलांनाच शोधू द्या.

सुरक्षेचं : घरातल्या प्लगला यातलं काहीही लावायचं नाही, हे दर वेळी बजावा. आणि बटणाएवढे चपटे सेल लहान मुलांच्या वर्गात आणूच नका. गिळले गेले तर अन्ननलिका भाजते, जिवावर बेततं. पेन्सिल सेलच वापरा.

---

देवराई

या धाग्यावर थोडा इतिहासही असू द्या. हे सगळं महागडं आणि परदेशी आहे असा समज असतो, म्हणून. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आताच्या पालघर जिल्ह्यात) बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी शिंपले, बिया, खडे, पानं हेच शैक्षणिक साहित्य केलं. माँटेसरीची महाग साधनं तिथे परवडणार नव्हती आणि मुलांच्या ओळखीचीही नव्हती. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली.

दुसरं उदाहरण मध्य प्रदेशातलं. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली, १९७८ मध्ये ते सगळ्या जिल्ह्यात पोचलं. सहावी ते आठवीचे वर्ग, तेही सरकारी शाळांत. अरविंद गुप्ता तिथेच गेले होते आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायची त्यांची कल्पना तिथलीच. नंतर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊतून खेळणी करण्याचं केवढं काम उभं केलं ते आपल्याला माहीत आहेच.

होशंगाबादचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी परीक्षाही बदलली. पुस्तक आणि वही उघडी ठेवून पेपर, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. आपण शिकवतो हाताने आणि परीक्षा घेतो पाठांतराची, मग पालकांना निळावंतीताईंसारखं वाटलं तर त्यांचा दोष नाही. तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. तीस वर्षांचं काम होतं, आजही वाईट वाटतं.

---

खारवी

रत्नागिरी जिल्हा, किनाऱ्यावरची शाळा. आमचा एक प्रयोग सांगतो, खर्च शून्य.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, भाषणांऐवजी मैदानात काठी रोवतो. ओळंबा धरून काठी सरळ उभी करायची. मुलांना विचारायचं, सावली सर्वांत लहान किती वाजता? सगळे एका सुरात "बारा वाजता!" वर्तमानपत्राचा कागद अंथरून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची आणि लांबी लिहायची. बारा वाजतात, सावली अजून कमीच होत असते. साडेबारा होतात, तरी कमीच. पोषण आहाराची वेळ होते, पण पोरं ताटं घेऊन काठीपाशी. पावणेएक उलटल्यावर कुठे ती परत वाढायला लागते.

"घड्याळ चुकलंय" ही पहिली शंका. मोबाइल बघतात. मग "काठी वाकडी आहे". ओळंबा परत लावतात. एकेक शंका काढून टाकत जातात. चौथीची मुलं हे करतात यापेक्षा विज्ञान दिनाला आणखी काय हवं?

---

झाडीपट्टी

खारवी सर, मी चंद्रपूरचा. हे वाचून आम्हीही काठी रोवली. तुम्ही म्हणता तशी फेब्रुवारीअखेरीलाच; आमची सर्वांत लहान सावली सव्वाबारा ते साडेबाराच्या मधे आली. तुमच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं!

कारण मोठ्यांसाठी लिहितो. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं. रत्नागिरी साधारण ७३.३ वर, चंद्रपूर ७९.३ वर. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, म्हणजे आपल्या दोन गावांत २४ मिनिटांचा फरक. वर्षभरात माध्यान्हाची, म्हणजे सावली सर्वांत लहान असण्याची, वेळ मागेपुढे होते, नोव्हेंबरात ती फेब्रुवारीपेक्षा अर्ध्या तासाने आधी येते, पण आपल्यातला हा फरक तेवढाच राहतो. मुलांना यातलं काही सांगितलं नाही. "कोकणातल्या शाळेत सावली आपल्यानंतर लहान होते, का असेल?" एवढंच विचारून सोडलं. दुसऱ्या दिवशी एक पोरगी पृथ्वीगोल आणि बॅटरी घेऊन बसली होती.

एक सुधारणा सुचवतो. माध्यान्हाच्या आसपास सावली फार हळू बदलते, त्यामुळे नेमकी लहान कधी हे पकडणं अवघड जातं. त्यापेक्षा काठीभोवती दोरीने वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आतल्या बाजूला शिरताना टेकतं ती वेळ लिहा, दुपारी बाहेर जाताना टेकतं ती लिहा. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे माध्यान्ह. तुमच्याकडे समजा १०:५० आणि २:४८ आले, तर मध्य १२:४९. वेळेची वजाबाकी आणि निमपट आपोआप झाली. शिवाय वर्तुळावरच्या त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, होकायंत्र नको.

---

पायवाट

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मनापासून आभार.

रानजाई सर, जोडीचा नियम लावला. पहिल्या तासाला खूप गोंधळ, आवाज एवढा की शेजारून सर डोकावून गेले. पण काड्यावाला पेन्सिलवाल्याला अडवतो हे तुम्ही लिहिलंत तसंच घडलं. ३५ येणं बरंच कमी झालंय. ज्यांना अजून येतं ते काड्या परत एकत्र करून स्वतःच दुरुस्त करतात.

मग थोडं पुढे जाऊन ४०३ − १५८ दिली. शंभराचे गठ्ठे बांधायला काड्या पुरेनात, म्हणून कागदाच्या नोटा केल्या : शंभराच्या, दहाच्या, एकच्या. चौथीतला एक मुलगा बँक. तिसरीतली एक मुलगी चार शंभराच्या आणि तीन एकच्या घेऊन बसली. आठ रुपये द्यायचे, हातात तीन. दहाची नोट मोडायला गेली तर दहाची एकही नाही. बराच वेळ नोटांकडे बघत राहिली. मग शंभराची घेऊन बँकेत गेली आणि म्हणाली, "सुटे दे." बँकेने शंभर एकच्या मोजायला घेतल्या तर तीच म्हणाली, "एवढ्या नको, दहाच्या दे." दहाच्या दहा घेऊन आली, त्यातली एक परत नेऊन दहा एकच्या आणल्या. वही लिहिणारी तिची जोडीदार प्रत्येक फेरीला खोडत होती : ४ चे ३, शून्याचे १०, मग १० चे ९, आणि ३ चे १३. उत्तर २४५.

शून्याच्या घरात ९ कुठून येतात हे मी आजवर "तिथे नऊ होतात" म्हणूनच शिकवलेलं पाहिलं होतं. त्या जोडीने वर्गाला सांगितलं, "दहा आले होते, एक बँकेत परत गेली."

गणितपेटी मुख्याध्यापकांशी बोलून उघडली. रोजच्या वापराला चिंचोके, बाटल्यांची झाकणं आणि काड्या, म्हणजे हरवण्याची भीती नाही. पेटीतलं फक्त तासापुरतं काढते, मोजून देते, मोजून घेते. मोजायचं काम तिसरीकडे, तोही सरावच.

एक शंका राहिली. पेटीतली शंभर मण्यांची माळ तुटकी आहे. घरी करता येईल का? आणि पट्टीने मोजताना निम्मी मुलं १ पासून सुरू करतात, त्यावर काय करता?

---

आजोळ

माळ घरी होते. एकाच आकाराचे दोन रंगांचे मणी घ्या, दहा लाल, दहा पांढरे असे आलटून पालटून. दोरा जाड घ्या आणि वीतभर जास्त ठेवा, म्हणजे मणी सरकवून फट पाडता येते. फट दिसली नाही तर 'सत्तावीसनंतर' हे कुठे ते मुलाला कळत नाही. फटीत अडकवायला कपड्याचा चिमटा. माळेवर ५२ − २७ पण करून बघा : चिमटा सत्तावीसनंतर लावायचा आणि बावन्नपर्यंत उड्या. तीन मणी गेले की तीस, मग वीस, मग दोन. पंचवीस, हातच्याशिवाय. एकोणपन्नास की एकोणसाठ या घोळालाही माळ उपयोगी पडते, पन्नासच्या एक अलीकडे बोट ठेवून दाखवता येतं.

---

रानजाई

पट्टीचं : मूल रेघा मोजतं, रेघांमधलं अंतर मोजत नाही. जाड पुठ्ठ्याचे एक-एक सेंटीमीटरचे तुकडे कापा आणि पेन्सिलीच्या कडेने एकाला एक लावून लांबी मोजू द्या. मग तेच तुकडे पट्टीवर ठेवायला सांगा. पहिला तुकडा शून्य ते एकमध्ये बसतो हे दिसलं की पुढचं बोलणं सोपं होतं. नंतर मुद्दाम तुटकी पट्टी द्या, जिचा शून्य गेलेला आहे आणि जी ३ पासून सुरू होते. पेन्सिल ३ पासून ८ पर्यंत आली तर लांबी किती? कोण आठ म्हणतं, कोण सहा, कोण पाच, ते पाटीवर लिहून घ्या आणि तुकडे लावून त्यांनाच निकाल लावू द्या. सहा म्हणणाऱ्याकडे खास लक्ष द्या, तो अजून रेघाच मोजतो आहे.